फोल्डर उघडल्यावर आधी काय दिसावं

ऑनलाइन फॉर्म भरायच्या आमच्या रामपायलीच्या दुकानात कॉम्प्युटरचा स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो. तो तसा लागतोच. घरी मराठी किंवा पोवारी बोलणाऱ्या माणसाचं नाव कागदावर हिंदी वळणानं चढतं. आधारवर एक, मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीवर दुसरं. त्यानं स्वतः अक्षरं पाहून ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय मी फॉर्म पुढं पाठवत नाही.

२०२३ मध्ये बायांच्या खात्यात पैसे टाकणारी लाडली बहना योजना आली आणि समग्रच्या ई-केवायसीसाठी त्यांची गर्दी उसळली. अशात एक बाई स्क्रीन पाहून म्हणाली, “भाऊ, हे त आमच्या शेजारनीचं नाव होय न? तिनं बी नवीन खातं काढलं का?” मी नुसती फोल्डरची खिडकी उघडली होती.

विंडोज १० मध्ये ती खिडकी मुळात ‘क्विक अ‍ॅक्सेस’वर उघडते. वर नेहमी लागणारे फोल्डर, खाली नुकत्याच हाताळलेल्या फाइली. घरच्या कॉम्प्युटरवर ही मोठी सोय आहे, कालचं काम शोधत बसावं लागत नाही. काउंटरवर मात्र आधीच्या माणसाचं काम पुढच्याला वाचायला मिळतं. पासबुक, जातीचा दाखला, धानविक्रीच्या पंजीयनासाठी आणलेली जमिनीची ऋणपुस्तिका हे गावात फार नाजूक कागद असतात. कोणी खातं वेगळं काढलं, कोणी जमीन नावावर केली, हे माझ्या दुकानातून कळता कामा नये.

त्या दिवशी दुकान बंद करायच्या आधी हे बदलायला बसलो. ‘व्ह्यू’मधून ‘ऑप्शन्स’ उघडलं की पहिल्याच ‘जनरल’ पानावर, सगळ्यात वर, खिडकी कुठं उघडायची ते विचारलेलं असतं. तिथं ‘धिस पीसी’ निवडलं. त्याच पानावर खाली ‘प्रायव्हसी’च्या दोन खुणा असतात, एक अलीकडच्या फाइलींची, एक नेहमीच्या फोल्डरांची. दोन्ही काढल्या आणि ‘क्लिअर’ दाबलं. पुतण्या घाबरला, “काकाजी, लोकाइचे कागद गेले न!” कागद जात नाहीत, फक्त आठवणीची यादी पुसली जाते.

स्कॅनचा फोल्डर उरला होता. आत चित्रंच जास्त असली की विंडोज त्याला चित्रांचा फोल्डर समजतं आणि मोठमोठ्या छब्या मांडतं. आधारवरचा चेहरा दुरूनही ओळखू येतो. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कस्टमाइझ’खाली ‘जनरल आयटम्स’ केलं, मांडणी ‘डिटेल्स’ ठेवली आणि ‘ऑप्शन्स’च्या ‘व्ह्यू’ पानावर ‘अप्लाय टू फोल्डर्स’ दिलं. त्यानं त्या प्रकारचे सगळेच फोल्डर तसे उघडू लागतात. तिथंच छब्यांऐवजी नेहमी नुसती चिन्हं दाखवायची खूणही केली. फाइलीला माणसाचं नाव देणं बंद केलं. आता तारीख आणि पावतीचा नंबर.

खरं तर काम झाल्यावर स्कॅन ठेवूच नये असं माझं मत आहे. पण म्हाताऱ्या बाया म्हणतात, “राहू दे बापू, पुढच्या बारीला कुठून आणू?” त्यांचं खरं आहे. सारखे कागद काढून त्यांच्या घड्या फाटतात. म्हणून ज्यानं सांगितलं त्याचंच ठेवतो, बाकीचं त्याच्यासमोर पुसतो.

वारासिवनीच्या एका दुकानदाराला हे फोनवर सांगितलं. त्याच्याकडे विंडोज ११ आहे. तिथं ‘क्विक अ‍ॅक्सेस’चं पान ‘होम’ नावानं येतं आणि ‘ऑप्शन्स’ वरच्या तीन टिंबांत असतं. पुढचं बरंचसं सारखंच.