दऱ्यांचा दर्या

विभागातील कामासाठी आम्ही एक छोटी संगणक-आज्ञावली लिहिली आहे. काळ्या खिडकीत आज्ञा टंकावी, फाइलचे नाव द्यावे, की शब्दांची वारंवारिता हाती येते. एका विद्यार्थिनीने सह्याद्रीतील भटकंतीच्या काही जुन्या लेखांवर प्रबंधिका लिहिली. ‘दऱ्या’ हा शब्द तिने हाताने मोजला : २३ वेळा. आमच्या यादीत तो नव्हताच. आम्ही तिचे गुण कापले आणि पुन्हा मोजायला सांगितले. पुन्हा २३च.

मग यादीत ‘दर्या’ दिसला, नेमका २३ वेळा. डोंगरात समुद्र!

‘दऱ्या’तला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवला जातो : नुक्त्याच्या ऱचा पाय मोडून, किंवा पाय मोडलेल्या साध्या रपुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. हे लेख दुसऱ्या रीतीने टंकलेले. आमची आज्ञावली मोजणीपूर्वी ‘सफाई’ म्हणून अदृश्य चिन्हे पुसत असे. मागे उरे तो रफार.

दुरुस्ती एका ओळीची : पुसण्याआधी दुसरी रीत पहिलीत बदलायची. ओशाळलो ते चाचण्यांपाशी. सफाईची निराळी, मोजणीची निराळी. दोन्ही उत्तीर्ण, आणि नमुने आमच्याच कळफलकावरचे. आता खरी फाइल सुरुवातीला देऊन थेट अखेरची यादी ताडतो. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हेही त्यात घातले. (ही जोडी आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो!)

तिचे गुण परत दिले. चाचणीतला पहिला उतारा तिनेच निवडला आहे.