आकडा थांबला म्हणजे पाणी थांबले काय?

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. इशारा पातळी तिच्याहून एक मीटर खाली. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. समुद्रसपाटीपासूनच्या या उंचीची नोंद केंद्रीय जल आयोगाच्या राजघाट केंद्रावर होते. राजघाटापासून थोड्या अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला ब्रह्मा घाट आहे. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी तो बांधून घेतला आणि या परिसरात मराठी वस्ती रुजली. तेथील रहिवाशांना पावसाळ्यात एकच प्रश्न पडतो: पाणी आणखी किती पायऱ्या चढणार? पायरी २० सेंटिमीटर उंच धरली, तर ताशी ४ सेंटिमीटर वाढणारी नदी पाच तासांत एक पायरी गिळते. सामान हलवायला किती अवधी आहे, हे त्यावर ठरते.

नदी असो वा कारखान्यातील टाकी, पातळी मोजण्याचे तत्त्व सारखेच. वर बसवलेला संवेदक खाली लहर सोडतो, ती पृष्ठभागावर आपटून परतते आणि लागलेल्या वेळावरून अंतर कळते. श्राव्यातीत ध्वनी वापरल्यास हवेच्या तापमानाची दखल घ्यावी लागते. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. हा फरक दुर्लक्षिला, तर १० मीटर अंतरात सुमारे ३४ सेंटिमीटरची चूक होते, म्हणजे दीड पायरीहून अधिक. रडारलहरींवर तापमानाचा परिणाम नगण्य असतो; मात्र तेवढेच अंतर जाऊन परतायला त्यांना अवघे ६७ नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे वेळ अतिशय काटेकोरपणे मोजावी लागते. मोजलेला आकडा कारखान्यात रेडिओलहरींनी नियंत्रण कक्षाकडे जातो. जल आयोगाच्या अनेक स्वयंचलित केंद्रांवरून तो इन्सॅट उपग्रहामार्फत पाठवला जातो.

खरी कसोटी लागते ती आकडा स्थिर राहतो तेव्हा. पाणी थांबले आहे की यंत्र अडकले आहे? ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधनसाठ्यात टाकीचा मापक अडकला. पडद्यावरची पातळी हलेना, पेट्रोल मात्र चढतच राहिले. अतिउच्च पातळीला पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही. टाकी ओसंडली, इंधनाचा बाष्पमेघ पसरला आणि प्रचंड स्फोट झाला.

म्हणूनच चांगल्या व्यवस्थेत आकड्यासोबत त्याची वेळ नोंदलेली असते, बॅटरीची स्थिती कळते आणि वेगळ्या तत्त्वावर चालणारे दुसरे मापन असते. नदीकाठी उभी रंगवलेली मोजपट्टी हे काम करते. ब्रह्मा घाटावर तेच काम पायऱ्याही करू शकतात. एखाद्या पायरीची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा अचूक मोजून दगडावर कोरली, तर भ्रमणध्वनीवर आलेला आकडा तिथला कोणीही पडताळू शकेल. वीज गेली, संदेश खुंटला, तरी ती खूण वाचता येईल.