सरासरी खेळाडू

आधीच एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटचा. दहावीपर्यंत माझा मराठीशी संबंध शंभर मार्कांपुरता आणि आजीपुरता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट झाला असता. शिवाय ज्याच्यासाठी लिहितोय, तो मासिक हातात आलं की मराठी विभाग आधी उघडतो.

तर मंडळी, मी तेरा महिने ऑनलाइन पोकर खेळलो. पैसे लावून. जुलै २०२४ ते ऑगस्ट २०२५. अठरा पूर्ण होते, पॅन कार्ड होतं, हॉस्टेलला वाय-फाय होतं. आणखी काय लागतं?

मला वेड लावलं ते ख्रिस मनीमेकरच्या गोष्टीने. आडनाव खरंच मनीमेकर! अमेरिकेतल्या टेनेसीचा हा अकाउंटंट ८६ डॉलरच्या एका ऑनलाइन स्पर्धेतून २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये पोचला. तिथली प्रवेश फी १०,००० डॉलर, खेळाडू ८३९. हा पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. ही गोष्ट ऐकली की प्रत्येकाला आपण मनीमेकर वाटतो. उरलेल्या ८३८ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही.

टुर्नामेंट म्हणजे काय ते रेक्टर सरांसाठी सांगतो (बाकीच्यांना माहीत आहे). मी खेळायचो त्याची फी ११० रुपये. त्यातले १०० बक्षिसाच्या रकमेत, १० ॲपच्या खिशात. सगळ्यांना सारख्या चिप्स, संपल्या की बाहेर. शंभरातल्या साधारण पंधरा जणांना काहीतरी मिळतं आणि मोठा वाटा वरचे दोघं-तिघं नेतात. म्हणजे दहापैकी आठ-नऊ वेळा तुम्ही हरणारच, उत्तम खेळलात तरी.

मी उडाणटप्पूपणे खेळत नव्हतो हो! पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले. फीच्या शंभरपट पैसे बाजूला असल्याशिवाय त्या फीची टुर्नामेंट खेळू नये, हा बँकरोलचा नियम पाठ केला (पाळला नाही). आयसीएम नावाचं गणित तर मला एम-३ पेक्षा जास्त आवडलं. तीन जण उरलेत, चिप्स सारख्या, बक्षिसं ५,०००, ३,००० आणि २,००० अशी समजा. प्रत्येकाच्या चिप्सची किंमत झाली ३,३३३. आता दोघांनी सगळं लावलं. जिंकणाऱ्याच्या चिप्स दुप्पट होतात, पण किंमत दुप्पट होत नाही, ती होते ४,३३३. म्हणजे जिंकलात तर हजार मिळवले आणि हरलात तर १,३३३ गमावले. जिंकायची शक्यता ५७ टक्क्यांच्या वर असेल तरच पैसे लावण्यात अर्थ. आणि जो तिसरा नुसता बसून चहा पीत होता, त्याला ३३३ रुपये फुकट! दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो हाच. हे कळलं त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी एम-३ चं सबमिशन होतं, तेही गेलं.

माझ्या रूममध्ये सरपंच राहतो. खरं नाव सांगत नाही. लातूरकडचा आहे, वडील शेती करतात, आणि मेसच्या भाजीपासून बाथरूमच्या नळापर्यंत सगळ्या तक्रारी हाच लिहून देतो म्हणून सरपंच. रात्री तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून खेळ बघायचा. डिसेंबरमध्ये मी एकदा ६०० जणांत पहिला आलो. ९,००० रुपये! अख्ख्या विंगला पावभाजी दिली. सरपंचाने विचारलं, "एकूण किती सुटले रे आतापर्यंत?" मी ऐटीत म्हणालो, "पाच हजारांनी प्लस आहे." त्या दिवशी ते खरंही होतं.

जानेवारीत त्याने ॲप टाकलं. मीच शिकवलं. 'फिश' कसा ओळखायचा तेही शिकवलं. जो प्रत्येक हात खेळतो, कधी पत्ते टाकून देत नाही, हातात काही नसताना "बघू तरी" म्हणून पैसे भरतो, तो फिश. चांगल्या खेळाडूचा फायदा त्याच्याकडूनच येतो, कारण ॲप काही कोणाला पैसे देत नाही, ते फक्त घेतं. सरपंच नीट ऐकायचा, आणि टेबलवर बसला की "बघू तरी" म्हणायचा.

मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तो हरला की विचारायचा, "माझं काही चुकतंय का रे?" आणि मी म्हणायचो, "नाही रे, व्हेरियन्स आहे." व्हेरियन्स म्हणजे नशिबाचे चढउतार. शब्द शास्त्रीय आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला धीर येतो आणि सांगणाऱ्याची सुटका होते. खरं सांगितलं असतं तर तो खेळायचा थांबला असता, आणि मग रात्री दोन वाजता "काय कॉल केलास राव!" म्हणणारं कोण राहिलं असतं? मार्चपर्यंत त्याचे १४,००० गेले. त्यात मेसचा ॲडव्हान्स होता आणि परीक्षेच्या फॉर्मचे पैसे होते. घरी त्याने मेसचे रेट वाढले म्हणून सांगितलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २१ तारखेला मंजूर, २२ ला राष्ट्रपतींची सही. माझ्या ॲपवर निरोप आला, शिल्लक काढून घ्या. शिल्लक होती ६४० रुपये. मी जाम चिडलो. हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असं मेसमध्ये ताटावर हात आपटून भाषण दिलं. आणि ते सिद्ध करायला रूमवर येऊन माझी एक्सेल शीट पहिल्यांदा शेवटपर्यंत बेरीज करून बघितली.

टुर्नामेंट ४१२. भरले ४५,३२० रुपये. मिळाले ४१,७८०. तोटा ३,५४०, म्हणजे ७.८ टक्के.

आता गंमत बघा. ११० मधले १० ॲप घेतं, म्हणजे ज्याला काहीही विशेष येत नाही अशा सरासरी खेळाडूचा तोटा ९.१ टक्के. पुस्तकं, व्हिडिओ, आयसीएम आणि एम-३ ची केटी, एवढं सगळं करून मी जवळजवळ सरासरी! त्यातही ते ९,००० एका पत्त्यावर आले होते. माझ्याकडे नव्वांची जोडी, समोर एक्का-राजा, शक्यता साधारण ५५-४५. तेव्हा एक राजा उघडला असता तर तोटा बारा हजारांच्या वर गेला असता.

मग स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं. ते निघालं साधारण पाच फींएवढं. ४१२ च्या वर्गमुळाने भागलं तर चूक पंचवीस टक्के, इकडे किंवा तिकडे. म्हणजे मी चांगला खेळतो की वाईट, हे ४१२ डावांनी ठरतच नाही. ती चूक पाच टक्क्यांवर आणायला १०,००० टुर्नामेंट लागतात. माझ्या वेगाने सव्वीस वर्षं. कौशल्याचा खेळ असेलही, पण माझ्यात कौशल्य आहे की नाही हे मला पंचेचाळिशीत कळलं असतं. आणि डिसेंबरात मी ऐटीत सांगितलेलं "प्लस" म्हणजे निव्वळ हवा होती.

शीट सरपंचाला दाखवली. त्याने सगळी खालपर्यंत बघितली. मग म्हणाला, "हे तवाच का नाही दाखवलास?"

बेरीज तेव्हा केलीच नव्हती, हे उत्तर खरं होतं. पण त्याचे पत्ते मला तेव्हाही दिसत होते, हे जास्त खरं होतं. मी तेवढं मात्र सांगितलं. तो काही बोलला नाही. अर्धे पैसे देतो म्हटलं, घेतले नाहीत. गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो संध्याकाळी काम करायला लागला होता, ते मी इतके दिवस "फिरायला जातो" असं समजत होतो. दिवाळीत त्याने वडिलांना सगळं सांगितलं. काय झालं ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

आता रविवारी रूममध्ये मेंढीकोट चालतो. पैसे नाहीत, हरणाऱ्या जोडीने सगळ्यांचे डबे धुवायचे. सरपंचाला मेंढीकोट गावापासून येतो, कोणाकडे कुठली दश्शी आहे हे त्याला चेहऱ्यावरून कळतं. मागच्या रविवारी मी त्याचा जोडीदार होतो. चुकीचं पान टाकलं आणि हळूच विचारलं, "माझं काही चुकतंय का रे?"

"हो," तो म्हणाला. "सगळंच."

आणि डाव थांबवून, कुठं चुकलं ते नीट सांगितलं.