डिस्चार्जनंतरचा महिना

‘सुटली बघा मॅडम. चार दिवस झाले, आठवणसुद्धा येत नाही.’ एका सरकारी रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात मी तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन करते. हे वाक्य मला आठवड्यातून पाच-सहा वेळा तरी ऐकायला मिळतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण ते चार दिवस वॉर्डाने त्याला दिलेले असतात. तिथे काडेपेटी नसते, कोपऱ्यावर टपरी नसते, कटिंग मागवणारा मित्र नसतो. शिवाय मरणाची भीती ताजी असते. भीतीचा गुण लवकर येतो आणि लवकर उतरतोही.

शरीर मात्र लगेच कामाला लागतं. शेवटच्या झुरक्यानंतर एक-दोन दिवसांत रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसलेला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. हार्ट अटॅकनंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, ओढत राहणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असतो.

मी रुग्णाला ‘का ओढता?’ असं विचारत नाही. तो प्रश्न बायकोने, मुलीने, डॉक्टरांनी आधीच विचारलेला असतो आणि माणूस मान खाली घालून बसलेला असतो. मी विचारते, ‘सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने पेटवता?’ उत्तर ‘पाच मिनिटांत’ असेल, तर निकोटिनची पकड घट्ट आहे. मग निकोटिनचं च्युइंगगम द्यायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवतो. ते सतत चघळायचं नसतं; थोडं चावून गालात धरायचं. हे सांगितलं की तंबाखू खाणारे हसतात. त्यांना ही कला शिकवावी लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक रिक्षावाले दादा होते. वय ४६, एक स्टेंट, दिवसाला विड्यांचं एक बंडल. आम्ही दोघांनी कागदावर त्यांचा दिवस मांडला. उठल्यावर, चहाबरोबर, स्टँडवर नंबर येईपर्यंत, जेवणानंतर, भाड्यावरून वाद झाल्यावर... अशा अकरा जागा निघाल्या. प्रत्येक जागेसमोर काय करायचं ते लिहिलं: पाणी, बडीशेप, दोन मिनिटं चालणं. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो.

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन केला. चिडचिड होती, झोप नव्हती, पण विडी नव्हती. बाराव्या दिवशी फोन वहिनींनी उचलला. ‘ते नाही बोलायचे. ओढली त्यांनी.’

‘द्या ना फोन, रागावणार नाही.’

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दादा म्हणाले, ‘स्टँडवरच्या एकाची आई गेली. स्मशानात त्यानेच पुढे केली. तिथे कसं नाही म्हणायचं?’

खरंच, अकरा जागांत स्मशान नव्हतं. आम्ही फोनवरच बारावी जागा लिहिली. तिथे काय म्हणायचं, ते वाक्य त्यांनीच ठरवलं: ‘डॉक्टरांनी बंद केलीय, तू रड, मी बसतो.’ आता आठ महिने झाले, त्यांनी पुन्हा पेटवलेली नाही.

रुग्णालयातल्या समुपदेशनावरच्या अभ्यासांचा कोक्रेनने २०१२मध्ये आढावा घेतला. डिस्चार्जनंतर किमान महिनाभर साथ दिली, तरच सोडणाऱ्यांची संख्या ठळकपणे वाढलेली दिसली. खाटेशेजारी बसून दिलेलं भाषण एकटं पुरत नाही.

हा महिना आमच्या हातात कमी आणि तुमच्या घरात जास्त असतो. वडील किंवा काका नुकतेच घरी आले असतील, तर त्यांच्या शर्टाचा वास घेऊ नका. लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवलेल्या विडीवर कोणाला उपाय सांगता येत नाही. ‘आज कुठे अवघड गेलं?’ एवढं विचारा. राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. आणि डिस्चार्ज कार्डावर जिथे गोळ्यांच्या वेळा लिहिल्यात, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या जागा त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. खाली थोडी जागा सोडा. एखादी नंतर आठवते.