दंडामागचा स्नायू

येरवड्यात राहणारे ते गृहस्थ निवृत्तीनंतर रोज पहाटे बंडगार्डनच्या पुलापर्यंत चालत जात आणि परत येत. मधुमेह नाही, रक्तदाब आटोक्यात, वजन प्रमाणात. प्रकृतीचा हिशेब चोख आहे, असा त्यांचा समज होता. गेल्या चातुर्मासात सामायिक पूर्ण करून आसनावरून उठताना तो समज डळमळला.

४८ मिनिटे मांडी घालून बसल्यावर गुडघे आखडणार, हे अपेक्षितच होते. म्हणून त्यांनी तळवा जमिनीवर टेकून जोर दिला. पण कोपर सरळच होईना. हात थरथरला आणि ते पुन्हा खाली बसले. पत्नी हात देण्यास पुढे आली. तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस जेमतेम वर्ष झाले होते. त्यांनी तो हात धरला नाही. खुर्ची जवळ ओढून तिच्यावर भार देत कसेबसे उठले. दोघांपैकी कोणीही त्याविषयी बोलले नाही. मात्र उद्या ही घरात पडली तर हिला उचलणार कोण, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना.

तळव्यांवर भार देऊन उठताना कोपर सरळ करतो तो दंडामागचा त्रिशिरस्क स्नायू; व्यायामशाळेत त्यास ट्रायसेप्स म्हणतात. त्याचे एक शिर खांद्याच्या फऱ्यापासून निघते, दोन दंडाच्या हाडापासून, आणि तिन्ही खाली कोपराच्या टोकाशी एकत्र येतात. तरुण मुले आरशासमोर फुगवून पाहतात ती पुढची बेटकुळी. दंडाचा मोठा भाग मात्र या मागच्या स्नायूने व्यापलेला असतो. तालमीत जोर काढणाऱ्यांचा तो आपोआप कमावला जाई. चालण्याने मात्र त्याला फारसे काम पडत नाही.

डॉक्टरांचा होकार घेऊन ते सोसायटीच्या तळमजल्यावरील व्यायामशाळेत गेले. तेथील तरुण प्रशिक्षकाने दोन किलोचे डंबेल हाती दिले. एवढे तर भाजीच्या पिशवीचे वजन, असे म्हणून गृहस्थ हसले.

डावा तळवा बाकावर, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाकायचे. उजवा दंड बरगडीला समांतर, कोपर काटकोनात. मग श्वास सोडत फक्त कोपरापुढचा हात मागे सरळ करायचा, क्षणभर थांबायचे आणि सावकाश परत आणायचा. आठव्या वेळी दंडामागे जळजळू लागले. दहाव्या वेळी त्यांनी नकळत झोका दिला.

“काका, कोपर खाली आलं. झोका दिला की खांदा काम करतो, ट्रायसेप्स नाही.”

या व्यायामाचे सारे मर्म या बोलण्यात होते. जोर काढताना छाती आणि खांदे भार वाटून घेतात, त्यामुळे दुबळा भागीदार लपून राहतो. येथे मात्र तो एकटाच उघडा पडतो. म्हणूनच वजन लहान ठेवावे लागते, आणि म्हणूनच ते पेलताना मोठ्या माणसालाही थोडी शरम वाटते. अर्थात एवढ्यावर कोणी जमिनीवरून उठू लागत नाही. प्रशिक्षकाने भिंतीवरचे जोर आणि खुर्चीवरून उठबस हेही जोडीला दिले.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींनाही आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. गृहस्थांनी सोमवार आणि गुरुवार ठरवले. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनात मुगाची डाळ आणि दूध थोडे वाढले.

सहा महिन्यांनी ते तीन किलोवर आले आहेत. चार किलोचा आग्रह त्यांनी नाकारला. सामायिकानंतर तळवा अजूनही टेकावा लागतो, पण बहुतेक दिवशी पहिल्याच प्रयत्नात उठता येते. मागच्या आठवड्यात पत्नीने ते पाहिले आणि काही वेळाने म्हणाली, “अहो, एक किलोची जोडी मिळते का हो?”

ती जोडी आता देवघराबाहेरच्या कपाटात असते.