मंडईत शाहीर पाहिजे, मग वर्षभर त्याची आठवण काऊन नाही?



दिवाळी झाली की आपल्या कुही, मांढळ, वेलतूरच्या पट्ट्यात मंडया सुरू होतात. पाहुणे येतात, पाळणे लागतात, दिवसा खडी गंमत आणि रात्री नाटक. बॅनरवर आयोजकांचे फोटो मोठ्ठे असतात. शाहिराचं नाव कुठंतरी खाली, बारीक अक्षरात. मी आज त्या बारीक अक्षरातल्या माणसांबद्दल लिहून राहिलो आहे.

साठच्या दशकात आपल्या गावातले खरे स्टार हेच होते. टीव्ही नव्हता. रेडिओ गावात एखादाच, त्यावर आकाशवाणी नागपूर लागायचं. माझे बाबा सांगत, की मंडईत दोन शाहीर समोरासमोर उभे राहिले की सकाळी सुरू झालेली दुय्यम गंमत ऊन कलेपर्यंत चालायची. एक कलगीचा, एक तुऱ्याचा. ढोलकी, डफ, तुणतुणं, टाळ. लुगडं नेसलेला नाच्या. एकानं पदातून कोडं टाकायचं, दुसऱ्यानं पदातूनच उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर सारं गाव हसायचं! रेडिओवरची सिनेमाची चाल आठ दिवसांत यांच्या तोंडी यायची आणि तिच्यावर हुंड्याचं, दारूचं, महागाईचं पद तयार. शहरातले लोक ज्याला आज पॉप म्हणतात, ते आपल्याकडं हेच होतं.

दुसरी धारा भीमगीतांची आणि कव्वालीची. १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. वामनदादा कर्डक, नागपूरचे नागोराव पाटणकर ही नावं तुम्हाला माहीत आहेत. पण त्यांची गाणी हार्मोनियम आणि ढोलक घेऊन बंडीनं, सायकलनं खेड्यापर्यंत कोणी आणली? आपल्याच आजूबाजूच्या माणसांनी. दिवसा मजुरी, रात्री कार्यक्रम. बिदागी म्हणून कधी पैसे, कधी पायलीभर धान.

ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. बरीच गेली. जी आहेत, त्यांच्यापैकी कोणी नातवाच्या दुकानात बसतं, कोणी निराधारच्या पैशाची वाट पाहतं.

सरकारची योजना नाही का? आहे ना. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे. आता तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिन्याला ५,००० रुपये. वय ५० च्या वर, कलेत किमान १५ वर्षं, आणि वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत. कलावंत गेला तर त्याच्या पती किंवा पत्नीला मानधन चालू राहतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. जिल्ह्यातून वर्षाला निवड शंभर जणांची आणि आपल्या जिल्ह्यात तालुके चौदा. आता तुम्हीच हिशोब करा.

खरी अडचण मात्र पुराव्याची आहे. कार्यक्रमाचे फोटो, पेपरची कात्रणं, प्रमाणपत्रं मागतात. मागच्या वर्षी एका जुन्या शाहिरासोबत मी एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी पुरावा विचारला, तर ते म्हणाले, "भाऊ, आमी गाऊन रायलो होतो तवा फोटो कोन काढत होता? आयकनारे होते, तेही मेले." साहेब हसले, अर्ज मात्र परत आला.

त्यात आपल्या तालुक्याचं दुःख वेगळंच. गोसीखुर्दच्या पाण्यासाठी गावंच्या गावं उठली. घर हलवताना भांडी आली, ढोरं आली, पण पदाच्या वह्या आणि जुन्या पत्रिका कुठं गेल्या कोणाला ठाऊक. ज्या पारावर गंमत झाली, तो पारच पाण्याखाली आहे. पुरावा आणायचा कुठून?

आणि हे फक्त लहान कलावंतांचं नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला होता, तरी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भरावं लागलं. दुसरीकडं २०२३ ला झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. चांगलंच केलं. पण आपल्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला कोणी विचारलं का?

म्हणून काही गोष्टी सुचवतो. एक, मंडई समित्यांनी जुन्या शाहिरांना सही-शिक्क्याचं पत्र द्यावं, की हे अमुक वर्षांपासून आमच्या गावात कार्यक्रम करत आले. दोन, ग्रामसभेत गावातल्या कलावंतांची यादी वाचून ठराव घ्यावा. तीन, तरुण पोरांनी मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ बसावं, पदं रेकॉर्ड करावी, नाव-गाव-तारीख बोलून घ्यावी. हाच उद्याचा पुरावा आणि हीच आपली आठवण. चार, तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यापासून ऑनलाईन अर्जापर्यंत त्यांच्यासोबत कोणीतरी जावं. त्यांना एकटं पाठवू नका.

आणि यंदाच्या मंडईत एका जुन्या कलावंताला मंचावर बोलवा. शाल-श्रीफळ द्या, पण पाकीटही द्या. शालीनं औषध येत नाही.

तुमच्या गावात असं कोणी असेल तर मला कळवा. त्यांचा फोन नंबर, पत्ता असा उघड टाकू नका, मेसेज करा. अर्ज भरायला मी आणि दोन-चार मित्र येतो. पेट्रोल आमचं, चहा तुमचा.

जय भीम, जय महाराष्ट्र.