इशापूरचा शिक्का, बटलरचं गॅरेज

"पिट्सबर्गला काय काय बघितलंस?" परत आल्यापासून हा प्रश्न मला किमान पन्नास जणांनी विचारलाय. मी पाठ केल्यासारखी यादी म्हणते... तीन नद्यांचा संगम, अँडी वॉरहॉलचं म्युझियम, पेन हिल्समधलं वेंकटेश्वराचं देऊळ. मग मोबाइल काढून एक फोटो दाखवते. त्यात यातलं काहीच नाही. डायनिंग टेबल, त्यावर जुनी चादर, दोन-चार स्क्रू-ड्रायव्हर, कॉफीचा मग, उरलेला पम्पकिन पाय आणि मधोमध एक रायफल. अर्धी पोलादी, अर्धी काळ्या फायबरची. पुढचा फोटो जवळून काढलेला. पोलादावर तीन सिंह. आपले. अशोकस्तंभावरचे!

तर झालं असं. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, पिट्सबर्गला आयटीत. गेल्या नोव्हेंबरात मी त्याच्याकडे होते. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसातल्या मित्राने आम्हाला आपल्या वडिलांच्या फार्मवर बोलावलं. "आमच्याकडे एक इंडियन वस्तू आहे, तुझ्या पत्रकार बहिणीला आवडेल," म्हणाला. मला वाटलं, गालिचा असेल. नाहीतर नटराज.

रायफल आहे म्हटल्यावर वहिनी यायला तयार होईना. त्यांचं घर स्क्विरल हिलला. तिथल्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये २७ ऑक्टोबर २०१८ ला एकाने गोळीबार करून प्रार्थनेला आलेली ११ माणसं मारली. वहिनी रोज त्याच रस्त्याने जाते. "तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "मला ती वस्तू जेवणाच्या टेबलावर बघायची नाही." दादा काही बोलला नाही. मीही नाही.

रूट ८ ने उत्तरेला निघालात की पिट्सबर्ग पटकन संपतं. टेकड्या, पानं झडलेली झाडं, लाल रंगाची गोठाघरं, कडेला पिठासारखा भुरभुरलेला बर्फ. तासाभरात बटलर. छोटं गाव, पण त्याच्या नावावर एक भारी गोष्ट आहे. १९४० साली अमेरिकन सैन्यासाठी पहिली जीप तयार झाली ती इथल्या बँटम कंपनीत. आपल्याकडे जुन्या मिलिटरी जिपा घेऊन, त्यांना जाडजूड टायर नि लाइट लावून लोणावळ्याला फिरवणारी जी जमात आहे, तिने खरं तर इथे एकदा येऊन माथा टेकायला हवा.

पेट्रोलपंपावर कॉफी घ्यायला उतरलो तर सगळीकडे भगवं! जाकिटं, टोप्या, बनियनं. उद्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होणार होता. रायफल घेऊन जंगलात जाणाऱ्याने डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच चमकता केशरी रंग घालायचा, असा पेनसिल्व्हेनियाचा नियम आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. पूर्वी सीझन सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी शाळांना चक्क सुट्टी. २०१९ पासून तो शनिवारी आला, तरी खेड्यापाड्यांतल्या कित्येक शाळांनी सोमवारची सुट्टी काही सोडलेली नाही. सुट्टी कोण सोडतंय?

गाडीतच दादाने मला दम दिला. "हात लावायचा नाही. बघायचं." कारण कायदा. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे असेल तर सूट, पण ते माझ्याकडे कुठलं असायला! म्हणजे बंदुकांच्या देशात येऊन मी फक्त प्रेक्षक.

घरात सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि त्यांचा विशीतला नातू. नातवाने टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं. "वाच," म्हणाला. मी हात पाठीमागे बांधून वाकले. सिंहांखाली आर. एफ. आय., मग १९६७, मग २ ए १. आर. एफ. आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठी, बराकपूरच्या जवळ. मंगल पांडेचं बराकपूर! सिंह कुणाचे, हे सांगताना मी जरा अडखळले. कलिंगानंतर ज्याने युद्ध सोडलं त्या राजाचे, हे रायफलीकडे बघत सांगायचं म्हणजे... आजोबा मनापासून हसले.

या रायफलीची कुळकथा मजेदार आहे. आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळापासून 'थ्री नॉट थ्री' म्हणून ओळखली जाते ती ली-एनफिल्ड. त्यातला ली म्हणजे जेम्स पॅरिस ली. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात, हयात गेली अमेरिकेत. एनफिल्ड म्हणजे लंडनजवळचं गाव, जिथे सरकारी बंदूक कारखाना होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने याच रायफलीला जास्त मजबूत पोलाद वापरलं, नळी ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी केली, जुन्याऐवजी चौकोनी मॅगझिन लावलं. ती ही २ ए १. पुढे निवृत्त झालेल्या रायफली सरप्लस म्हणून विकल्या गेल्या आणि जहाजाने अमेरिकेत पोचल्या. नळीवर आयातीचा बारीक शिक्काही आहे, व्हरमाँटमधल्या सेंट ऑल्बन्सचा.

सरप्लसचा हा धंदा तिथे जुना. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरातल्या सैन्यांनी टाकलेल्या रायफली अमेरिकेत पोस्टाने घरपोच मिळायच्या. ली हार्वे ऑस्वाल्डने केनेडींवर झाडलेली इटालियन रायफल त्यातलीच, १९६३ साली दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर. १९६८ च्या कायद्याने पोस्टाची विक्री आणि ही आयात दोन्ही बंद झालं. १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरती आयात पुन्हा खुली झाली. आजोबांनी ही घेतली ती नव्वदच्या दशकात, शंभर डॉलरच्या आत. "दुकानात पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असायच्या," ते म्हणाले. लोणच्याच्या बरणीत गाजरं असतात तशा, हे माझं.

आता नातवाचा उद्योग. मूळ लाकडी दस्ता काढून त्याने फायबरचा बसवलाय. मागे पितळी पट्टीऐवजी जाड रबराचं पॅड, म्हणजे खांद्याला दणका कमी. गाल टेकायला उंचवटा. हे सगळं कुरिअरने घरी आलं, कारण तिथल्या कायद्याने बंदूक म्हणजे फक्त रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो तो सांगाडा. बाकी सगळे स्पेअर पार्ट. आपण बुलेटला हँडलबार आणि सायलेन्सर मागवतो तसेच. (आणि बुलेटचं म्हणाल तर 'रॉयल एनफिल्ड' हे नावही त्याच बंदूक कारखान्यावरून आलेलं. कंपनीचं जुनं घोषवाक्यच होतं, 'मेड लाइक अ गन'.)

खरं सांगू? मला मजा येत होती. स्क्रू कुठला, पट्टी कुठली, मी भराभर विचारत होते. आणि मजा येतेय याची, वहिनी आठवून, लाजही वाटत होती.

घोडं अडलं होतं ते दुर्बिणीपाशी. ही रायफल वरून काडतुसं भरायची, डोळ्यासमोर लोखंडी साइट ठेवून झाडायची. दुर्बीण लावायचा विचार तिच्या रचनेतच नाही. मग रस्ते दोन. एक, रिसीव्हरला भोकं पाडून आटे करायचे आणि त्यावर पट्टी पक्की बसवायची. दुसरा, मागची साइट काढून तिच्या जागी लांब पट्टी लावायची आणि दुर्बीण डोळ्यापासून लांब, पुढे ठेवायची. पहिल्यात दुर्बीण नेहमीसारखी डोळ्याजवळ येते. दुसऱ्यात नजरेला थोडी तडजोड, पण सगळं पुन्हा पूर्ववत करता येतं.

आजोबांचं म्हणणं, पाड भोकं, वापरायची वस्तू आहे. नातू नाही म्हणतो. मला उलट वाटलं होतं! पण मग आजोबांनीच सांगितलं. साठच्या दशकात पोरवयात त्यांनी वडिलांची जुनी ब्रिटिश थ्री नॉट थ्री हलकी व्हावी म्हणून हॅकसॉने पुढचं लाकूड आणि नळीचा तुकडा कापून टाकला होता. तेव्हा सगळेच कापत. तिथे अशा घरगुती कारागिराला 'बबा' म्हणतात, कौतुकाने नव्हे. ती रायफल अजून भिंतीवर आहे. हरणं भरपूर मारली तिने. पण तिच्याकडे बोट दाखवून नातू म्हणाला, "हे आता कुणालाच परत जोडता येणार नाही." आजोबा कॉफी ढवळत राहिले.

कायद्याचाही एक पेच आहे. पन्नास वर्षांहून जुनी रायफल मूळ रूपात असेल तर अमेरिकेत 'क्युरिओ' ठरते आणि परवानाधारक संग्राहकाला तिचे व्यवहार सोपे जातात. मूळ रूप गेलं की ती सवलत जाते. म्हणून जुने स्क्रूसुद्धा फेकायचे नाहीत. नातवाने इशापूरचा तो खास आडवा स्क्रू दाखवला, लाकूड चिरू नये म्हणून दस्त्यात आरपार घातलेला. छोट्या पाकिटात, वर नंबर टाकून.

मी त्यांना आपल्याकडचं सांगितलं तर विश्वास बसेना. भारतात .३०३ सामान्य माणसासाठी 'प्रोहिबिटेड बोअर'. परवानाधारकाला मिळते ती .३१५ ची रायफल, ब्रिटिशांच्या काळापासून मुद्दाम लष्करी काडतूस बसणार नाही अशी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच शस्त्रं. नळी कापायची तर त्यालाही लायसन्स. थोडक्यात, इशापूरच्या रायफलीला बटलरमध्ये स्वयंपाकघरात पॉलिश करता येतं, बारामतीत नाही. माझी याला अजिबात हरकत नाही, हेही मी त्यांना सांगितलं.

मग मी २६ नोव्हेंबर २००८ बद्दल सांगितलं. सीएसटीवर समोर एके-४७ आणि आपल्या पोलिसांच्या हातात लाठ्या, नाहीतर हीच जुनी थ्री नॉट थ्री. एका जवानाने सहकाऱ्याच्या हातातली रायफल घेऊन गोळी झाडलीही होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी या रायफलीला परेडमध्ये निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. आम्ही बसलो होतो ती तारीखही जवळपास तीच, नोव्हेंबर अखेरची. नातवाने एकदा टेबलाकडे बघितलं. "म्हणजे तुमच्याकडे हिला अजून काम होतं," तो म्हणाला. "आमच्याकडे हिला छंद म्हणून ठेवलंय."

माझे आजोबा दौंडला, राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त. बटलरला सकाळचे अकरा, म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेनऊ. जागे असणार. फोटो पाठवला. मिनिटात फोन.

"ही आमची नव्हे. मॅगझिन बघ की चौकोनी. ही सेवन सिक्स टू."

"हो आजोबा, इशापूरचीच आहे."

"आणि हिला काळा रेनकोट कुणी घातला? लाकूड कुठाय?"

मी फोन स्पीकरवर टाकला. दुभाषी मीच. लाकूड नीट ठेवलंय, हे कळल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. पितळी पट्टी काढली ते मात्र बरं केलं म्हणाले, फायरिंगच्या दिवशी त्यांचा खांदा काळानिळा व्हायचा. भोकं पाडायची की नाही, हेही विचारलं मी. पलीकडे बराच वेळ टीव्हीचाच आवाज.

"सिंह आहेत ना तिच्यावर? मग कशाला ड्रिल लावता," आजोबा म्हणाले. "आणि त्या पोराला विचार, नळी रोज साफ करतो का."

नातवाने ड्रिलचं मशीन उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. परत येताना एक लांब खोकं घेऊन आला, आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला इशापूरचा दस्ता. मार्कर माझ्या हातात दिला. याला हात लावायला माझ्या व्हिसाची हरकत नव्हती. खोक्यावर मी देवनागरीत मोठ्ठं लिहिलं, 'इशापूर १९६७'. खाली त्याने इंग्रजीत लिहिलं, 'फेकू नये'.

घरी पोचलो तेव्हा वहिनीने दार उघडलं. "झालं बघून?" एवढंच म्हणाली आणि आमचं पान वाढायला घेतलं.